रिकामं ठेवायचं तळं

२०२२ साली मला चौऱ्याहत्तरावं वर्ष चालू होतं. त्याच साली माझ्या पोरानं आमच्या माळावर प्लॉट पाडायचं ठरवलं.

आमचं गाव शिरूर तालुक्यातलं, पण अगदी भीमेच्या टोकाला. पूल ओलांडला की दौंड. त्यामुळं कागदं शिरूरला आणि बाजार, दवाखाना, रेल्वे, पोरांच्या नोकऱ्या सगळं दौंडला. नदीकाठाला ऊस आहे. आमचा माळ तिथून बराच वर, मुरमाड, हुलगा-मटकीचा. माळावर उभं राहिलं की नदी दिसते, तेवढाच तिचा आम्हाला उपयोग.

पोरगा दौंडला राहतो. एका रविवारी जेवता जेवता म्हणाला, "आबा, माळ नुसता पडून हाय. रेल्वेतली माणसं प्लॉट मागत्यात. पाडू का?"

मी हो म्हणालो नाही. नाही पण म्हणालो नाही. आमच्या घरात याला हो धरतात.

मी तिसरीपर्यंत शाळेत गेलो. वाचतो सावकाश, पण वाचतो, आणि सही करतो. अंगठा आयुष्यात कुठं उठवलेला नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं सगळं त्या सहीवर आलं.

प्लॉट पाडायचे म्हणजे चुना मारायचा, चौकोन आखायचे, चार दगड रोवायचे, असं मला वाटत होतं. पण हापिसातून सांगणं आलं की आधी पावसाच्या पाण्याचा आराखडा आणा. मी पोराला विचारलं, "पावसाचा आराखडा? पाऊस काय त्यांना विचारून पडतोय व्हय?" पोरगा हसला नाही. म्हणाला, त्याशिवाय मंजुरी मिळत नाही.

मग एक इंजिनेर पोरगी आली. दौंडहून स्कूटीवर, डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळलेली, मागं तीन पायांची दुर्बीण बांधलेली. माझ्या नातीपेक्षा चार-दोन वर्षांनी मोठी असेल. तिनं माळभर फिरून उतार मोजला. वरच्या लोकांच्या रानातलं पाणी आपल्यात कुठून शिरतं, आपल्यातून कुठं बाहेर पडतं, ओघळी किती, त्यातली एखादी कुणी बुजवलीय का, मोठ्यात मोठा पाऊस आला तेव्हा पाणी कुठवर चढलं होतं, सगळं विचारत होती. मला विचारणारं कुणी भेटलं की मी थांबत नाही. तिला मी माळाचा कोपरा अन् कोपरा सांगितला. काही तिनं लिहून घेतलं. काही दुर्बिणीत बघून खोडलं.

"आबा, तुम्ही म्हणता उतार बाभळीकडं आहे. पण उतार त्या पत्र्याच्या घराकडं आहे."

"दुर्बिणीला काय कळतंय. मी साठ वर्षं ह्यो माळ नांगरलाय."

"मग पाणी ओतून बघू."

मी माझ्या बाटलीतलं पाणी तिच्यासमोर ओतलं. पाणी बाभळीकडं गेलं नाही, घराकडंही गेलं नाही. जिथं ओतलं तिथंच मुरमानं पिऊन टाकलं. मला वाटलं, जिरली हिची. पण तीच खूश झाली.

"हेच तर सांगायचं होतं, आबा. आज माळ पाणी पितोय. उद्या इथं डांबरी रस्ता येणार, स्लॅब येणार, अंगणात फरशी येणार. त्यातलं काहीच पाणी पिणार नाही. मग ते कुठं जाईल?"

मी पत्र्याच्या घराकडं बघितलं. ते घर माझ्या बहिणीचं.

ती माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. नवरा गेल्यावर सासरचं आटोपून परत आली. तिनं मागायच्या आधी मी माळाच्या पायथ्याचा, ओढ्यालगतचा तुकडा तिच्या नावावर करून दिला. गावात बाकीचे भाऊ बहिणींकडून हक्कसोडीवर सह्या घेत फिरत होते, आणि मी उलटं केलं, याचा मला तोरा होता. अजून आहे. त्या तुकड्यात तिची एक विहीर, चार शेळ्या, एक गाय, दोन खोल्यांवर पत्रा. मुलगी नदीपलीकडं राहू गावात दिलेली. बाकी कुणी नाही. मी वर, ती खाली. हाक मारली की ऐकू येतं.

आराखडा तयार झाला तेव्हा त्या पोरीनं तो आमच्या ओट्यावर पसरला आणि चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गटारं. ओघळ होती तशी ठेवायची, तिच्यावर प्लॉट पाडायचा नाही. प्रत्येक घराला शोषखड्डा. आणि सगळ्यात खालच्या कोपऱ्यात, बहिणीच्या घराच्या वरच्या अंगाला, एक तळं. तळं बघून माझा जीव हरखला. आमच्याकडं तळं म्हणजे काय ते दुसऱ्याला सांगून कळायचं नाही. उन्हाळ्यात ट्रॅक्टरमागं टाकी लावून आम्ही गुरांना पाणी आणलेलं आहे.

"किती दिवस टिकंल पाणी?" मी विचारलं.

"टिकवायचं नाही आबा. तळाशी ही बारीक नळी आहे. पाऊस थांबला की पाणी हळूहळू ओढ्याला सोडायचं. एक-दोन दिवसांत तळं रिकामं झालं पाहिजे."

मी पोराकडं बघितलं. मला वाटलं, हिला काहीतरी चुकीचं सांगितलंय कुणीतरी.

"तळं खणायचं आन् रिकामं ठिवायचं?"

"हो."

"आन् पाणी ओढ्याला?"

"हो. पुढचा पाऊस आला तर त्याला जागा पाहिजे ना. हे पाणी साठवायचं तळं नाही. जोरात आलेलं पाणी थोपवायचं आणि सावकाश सोडायचं. आधी माळावरून जेवढ्या जोरानं पाणी खाली जायचं, त्यापेक्षा जास्त जोरानं जाता कामा नये. आराखड्याचा सगळा अर्थ तेवढाच आहे."

"ताई, तू कुठली?"

"कोल्हापूरकडची."

"मंग बरोबर हाय," मी म्हणालो, आणि उठून गोठ्यात गेलो.

दोन दिवस मी त्या विषयावर बोललो नाही. पोरानं बरंच समजावलं. मला पटलं नाही. शेवटी तो म्हणाला, तळं काढून टाकलं तर मंजुरी अडकेल, आणि आराखड्यात आणखी एक रकाना आहे: नळी साफ ठेवायची, गाळ काढायचा, पावसाळ्याआधी सगळं बघायचं, याला जबाबदार कोण. तिथं कुणाची तरी सही लागते. "मी दौंडला असतो आबा, तुम्ही इथं असता."

मी सही केली. तळं पटलं म्हणून नव्हे. त्या रकान्यात माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाची सही बघवली नसती म्हणून केली. माळ माझा. पण एकदा सही केली म्हटल्यावर विषय संपला. पुढं मी त्या नळीची राखण केली तशी कुठल्या पिकाचीही केली नसेल. नळीच्या तोंडाला लोखंडी जाळी होती. तिच्यावर काटक्या, प्लास्टिकच्या पिशव्या, वाळका पाला येऊन बसायचा. रोज सकाळी चहा झाला की मी जाळी साफ करायला जायचो. तळ्याला मनात शिव्या द्यायचो आणि हातानं जाळी साफ करायचो.

पुढचं साल कोरडं निघालं. रस्ते झाले, गटारं झाली, रेल्वेतून रिटायर झालेल्या एका गृहस्थानं पहिलं घर बांधलं. जून नुसता वाऱ्यात गेला. बहिणीच्या विहिरीचं पाणी तळाला गेलं. सकाळी दोन घागरी उपसल्या की संध्याकाळपर्यंत थांबायचं. शेळ्या आणि गाय धरून तिला ते पुरेना. मी माझ्या बोअरचं पाणी घे म्हणालो. बोअरला तरी कुठं होतं, पण मी म्हणालो. ती म्हणाली, "माझी विहीर हाय. मी लोकाच्या नळाला घागर लावायची न्हाई." माझी बहीणच ती.

जुलैत एक सर आली. चांगली आली, तासभर. तळ्यात कंबरेएवढं पाणी झालं. मी बांधावर उभा होतो, ती खालून वर आली. पदर डोक्यावर घेऊन पाण्याकडं बघत राहिली. ओलं होऊन तिचं तोंड उजळलं होतं.

"दादा, आता विहिरीला पाझर लागंल."

मी नळीकडं बघत होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तळ्यात नुसता चिखल होता. नळीतलं पाणी तिच्या बांधाच्या कडेनं ओढ्याला गेलं. ती परत वर आली. या वेळी पदर कमरेला खोचलेला.

"काय केलंस रे पाणी?"

"सुटलं. नळी हाय तिथं."

"मंग बुजव की नळी."

"न्हाई बुजवायची. आराखड्यात हाय."

"आराखड्याला तहान लागती का?"

"मी सही केलीया."

"सही," ती म्हणाली. "माझ्या डोळ्यांदेखत माझ्या दारावरनं पाणी गेलं आन् तू सही सांगतूस. तुलाबी पटलं न्हाई ते. तूच बोंबलत हिंडत व्हतास न्हवं, रिकामं तळं, रिकामं तळं म्हणून?"

"पटलं न्हाई. सही केलीया."

"मंग सहीलाच राखी बांधून घे."

आणि राखी पौर्णिमेला ती खरंच आली नाही. आई गेल्यापासून एक साल चुकलं नव्हतं. मी दिवसभर ओट्यावर बसून होतो. नव्या घरातले ते रेल्वेचे गृहस्थ फिरायला निघाले होते, त्यांनी माझा हात बघितला आणि विचारलं, "आबा, बहीण गावाला गेली का?" मी हो म्हणालो. खालच्या पत्र्याच्या घरातून धूर निघत होता आणि तो त्यांनाही दिसत होता.

गणपती झाल्यावर माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. दौंडला दवाखाना, पोराच्या घरी आराम. डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. आठवडाभर पोरानं मला हलू दिलं नाही. त्या आठवड्यात गावाकडं बारीक बारीक पाऊस पडत होता. मी फोन लावायचो, पण विचारणार कुणाला? बहीण माझा फोन उचलत नव्हती.

परत आलो तो काळा चष्मा लावून. पोरानं मला रस्त्याला सोडलं आणि कामावर गेला. मी पिशवी घरात न ठेवता तसाच तळ्यावर गेलो.

तळं भरलेलं होतं.

नव्या डोळ्यानं मी पहिल्यांदा नीट बघितलं ते हे. बांधापर्यंत पाणी, त्यावर वारा, पलीकडं दोन बगळे. खोटं कशाला बोलू, मला भरून आलं. पाच-दहा मिनिटं मी नुसता बघत राहिलो. आमच्या माळाच्या उराशी एवढं पाणी मी उभ्या जन्मात बघितलं नव्हतं. मग मी खाली वळून नळीच्या दुसऱ्या तोंडाकडं गेलो. तिथं थेंब नव्हता. वाळलेल्या नळीत कोळ्यानं जाळं केलं होतं.

खाली बहीण विहिरीवर होती. घागर पाण्याला टेकली तरी तिच्या हातात भरपूर दोर उरला होता. विहिरीला पाणी चढलं होतं.

मी बांधावर परत आलो आणि पाण्यात बघितलं. नळीच्या जाळीवर काहीतरी गच्च बसलेलं होतं, वर एक फरशी टेकवलेली. कापडाचं एक टोक वर तरंगत होतं. हिरवं, बारीक पांढऱ्या ठिपक्यांचं. आईच्या लुगड्याचं. आईच्या लुगड्यांची एकच गोधडी आमच्यात उरली होती, आणि ती बहिणीकडं होती. तिनं आईची ती एकुलती एक गोधडी नळीच्या तोंडाशी कोंबली होती, यावरून तिला किती पाणी पाहिजे होतं ते मला कळलं.

तेवढ्यात पोराचा फोन आला. आवाजामागं पावसाचा आवाज इतका की त्याचं बोलणं तुटत होतं. "आबा, हिकडं पाटसकडनं लई मोठा पाऊस आलाय. रस्त्यावर गुडघाभर पाणी हाय. तिकडं येतोय असं दिसतंय. नळी बघा फक्त."

मी पूर्वेला बघितलं. नदीपलीकडं आभाळ जमिनीला टेकलं होतं. परतीचा पाऊस आमच्याकडं तिकडूनच येतो आणि तो सावकाश पडत नाही.

मी बहिणीला हाक मारली. ती आली, पण बांधाच्या खालीच थांबली.

"गोधडी काढ," मी म्हणालो.

"कसली गोधडी?"

"आईची."

ती विहिरीकडं हात करून म्हणाली, "न्हाई काढणार. आठ दिसात विहिरीला किती पाणी चढलंय, वाकून बघ. न्हाई तर वाकू नको, डॉक्टरनं सांगितलं असंल."

"पाऊस यायलाय. तळ्यात जागा न्हाई. भरून वाहिलं तर सगळं तुझ्या घरात."

"ह्या माळाचं पाणी माझ्या घरात कवा आलंय? सांग की. तूच सांगायचास पावण्यांना, आमच्या माळाचं पाणी उंबऱ्याबाहेर जात न्हाई म्हणून."

"तवा माळ पाणी पीत हुता. आता डांबर हाय त्याच्यावर."

हे वाक्य माझं नव्हतं, त्या पोरीचं होतं. माझ्या तोंडातून आलं आणि माझं मलाच ऐकू आलं.

"दादा, तू गोधडी काढलीस तर मी मेल्यावर माझ्या तोंडात पाणी घालायला येऊ नगंस. सांगून ठिवते."

मी चष्मा काढून खिशात घातला, धोतर वर खोचलं आणि पाण्यात उतरलो.

पाणी आधी कंबरेला, मग छातीला आलं. तळाचा गाळ पाय धरत होता. फरशी पायानं सरकवली. गोधडी ओढून बघितली तर ती हलेना. मागं पाण्याचा एवढा दाब की तिचा नुसता दगड झाला होता. आणखी जोर लावायचा तर खाली वाकायला पाहिजे, आणि वाकलो की तोंड पाण्यात. डोळ्यात पाणी जाईल, हे मला आठवत होतं. पण घर तिचं होतं आणि आभाळ पुढं सरकत होतं. मी श्वास धरला आणि वाकलो.

वर आलो तेव्हा ती बांधावर उभी होती. हातात विहिरीचा दोर.

"अरे मेल्या, डोळा जाईल तुझा."

"जाऊ दे."

"म्हणं जाऊ दे. आंधळा झालास तर तुला कोण बघंल, तुझी सही?" तिनं दोर टाकला. "बगलंखालनं बांध. ती नळी सुटली तर तुला ओढून घील. येडा न्हाई तर कुठला."

मी दोर बांधला. तिनं दुसरं टोक बांधालगतच्या एका बाभळीच्या खोडाला वेढा देऊन हातात धरलं. मी परत वाकलो. कोपरा सापडला, टाके उसवल्याचं हाताला कळलं, आणि मग एकदम गोधडी जाळीवरनं बाजूला झाली. त्याबरोबर पाण्यानं माझे दोन्ही पाय नळीकडं ओढले. दोर बगलेत करकचला. ती वरून ओढत होती आणि शिव्या देत होती. आमच्या बापालाही सोडलं नाही तिनं. बापाला दिलेली शिवी मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकली.

बांधावर येऊन मी पडलो तेव्हा नळीच्या खालच्या तोंडातून पाणी सुटल्याचा आवाज येत होता. ती माझ्याकडं बघत नव्हती, त्या आवाजाकडं कान देऊन होती. मग दोर गोळा करून घरी गेली. गोधडी माझ्या छातीवर तशीच, चिखलानं जड झालेली.

दुपारभर तळं उतरत होतं. मी घरी गेलो नाही. निम्म्याच्या खाली पाणी गेलं तेव्हा पाऊस आला.

आधीचा पाऊस मला ठाऊक होता. माळावर पडायचा, मुरूम भिजायचा, बऱ्याच वेळानं ओघळीला लाल पाणी यायचं. या वेळी पाऊस सुरू झाला आणि लगेच, माझं अंग भिजेपर्यंत, गटारातून पाणी धावत आलं. रस्त्याचं, स्लॅबचं, फरशीचं. उसाची भरलेली गाडी उतारावर सुटावी तसं आलं आणि तळ्यात कोसळलं. मी काठावर उभा राहून बघत होतो. दोन्ही डोळे बारीक केले होते, तरी पाणी जायचं तेवढं गेलंच. तळ्यातलं पाणी वर चढत होतं, आणि मी मनात मोजत होतो की दुपारी मोकळी झालेली जागा आता किती उरली. जादा पाणी बाहेर पडायला ठेवलेल्या दगडी सांडव्याच्या जरा खाली येऊन ते थांबलं. पाऊस आणखी थोडा वेळ पडला असता तर काय, ते मी मनात येऊ दिलं नाही.

खाली बहिणीच्या अंगणात ओघळीचं पाणी घोट्याएवढं आलं होतं. शेळ्या ओट्यावर घेतल्या होत्या. उंबरा कोरडा होता.

पाऊस ओसरल्यावर मी तिच्या दारात गेलो. तिनं बसायला पाट दिला, टॉवेल दिला. चहा ठेवला. मग तीच बोलली.

"सांडव्यावरनं थेंब न्हाई गेला. मी बघितलंय."

"कारण तळ्यात जागा हुती."

"गोधडी असती तरी एवढं काय न्हवतं झालं."

"झालं असतं."

"कशावरनं?"

झालं नाही ते दाखवू कसं? घरात पाणी शिरलं असतं तर मी बोट दाखवलं असतं. उंबरा कोरडा होता आणि त्याच कोरड्या उंबऱ्यानं मी खोटा ठरत होतो. नळीचा आवाज तिच्या चुलीपाशी ऐकू येत होता. पाणी सुटत होतं, ओढ्याला जात होतं.

"ऐक," ती म्हणाली. "उद्या सकाळपतुर जाईल सगळं. विहीर हाय तिथंच. मंग आपण दोघंबी बरोबर, आन् मी घागर घिऊन कुठं जायचं तेवढं सांग."

मी चहा तसाच ठेवून उठलो. ती म्हणाली, डोळ्यात औषध घाल.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाळी साफ करून झाल्यावर मी गोधडी नळीच्या खालच्या तोंडाला धुतली. गाळ निघेपर्यंत धुतली. आईच्या लुगड्याचा हिरवा रंग आणि पांढरे ठिपके परत दिसायला लागले. उसवलेला कोपरा आत दुमडून ती बहिणीच्या कुंपणावर वाळत घातली. ती दारात आली, बघितलं, आत गेली. थोड्या वेळानं परत आली आणि गोधडीची ओली बाजू उन्हाकडं फिरवून गेली.

घरून येताना मी टिकाव आणला होता. नळी आणि तिची विहीर यांच्यात जेवढी जागा आहे ती चालून बघितली. नळीतून सुटलेलं पाणी तिथं एखाद्या खड्ड्यात थांबवून, वाळूतून मुरवून विहिरीला पाजलं तर तळं रिकामं राहील आणि पाणीही वाया जाणार नाही, असं रात्री माझ्या डोक्यात आलं होतं. टिकाव उचललाही होता. मग मला दुर्बीण आठवली. बाभळीकडचा उतार आठवला.

मी फोन काढला आणि त्या पोरीला लावला. तिला फोन करायची माझी ती पहिलीच वेळ. काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं, तरी सगळं उलटंसुलटं झालं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "होऊ शकतं आबा. पण विहिरीपासून किती लांब, किती खोल, पाणी घाण तर जाणार नाही ना, ते बघावं लागेल. तुमच्या बहिणीचीही संमती पाहिजे. मी दुपारी येते. तोपर्यंत काही खणू नका."

"न्हाई खणत," मी म्हणालो.

टिकाव बांधावर आडवा ठेवला. पलीकडं गोधडी वाळत होती. मी काळा चष्मा लावला आणि दुर्बीणवाली स्कूटी यायची वाट बघत बसलो.